एरिकचं कोपर

एरिकने रॅकेटभोवती मूठ आवळली आणि चेहरा पाडून ती टेबलावर ठेवली. "खलास," तो म्हणाला. "गुरुवारी तासभर खेळून दाखवायचंय मला."

एरिक स्वीडनचा, निवृत्त व्यावसायिक टेनिसपटू. आता आखातातल्या लुसैल शहरात एका टेनिस अकॅडमीत कोच. गुरुवारच्या फिटनेस टेस्टवर त्याचं कॉन्ट्रॅक्ट अवलंबून होतं. नापास झाला, तर बायको आणि शाळकरी मुलीला घेऊन परत मायदेशी.

मी जवळच्या अल सद्द भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणालाही सांगते.

एरिकला टेनिस एल्बो होता. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाला जिथे चिकटतात, ती जागा दुखावते. व्यायाम, मशीन, सगळं रीतसर चालू होतं. इथून बरा होऊन जायचा, कोर्टवरून दुखणं घेऊन यायचा.

आमचे मॅनेजर सलीमभाई रत्नागिरीचे. दार लावून घेतलं की मराठीत बोलतात. "ताई, डॉक्टरांना स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला सांगा नि मोकळ्या व्हा. अकॅडमीचे सगळे पेशंट आपल्याकडे येतात."

"गुरुवारी दुखणार नाही. पण पुढे हात कामातून गेला तर?"

"मग करणार काय?"

"कोर्टवर जाऊन बघते."

दुसऱ्या दिवशी नेटजवळ उभी राहिले. एरिकच्या प्रत्येक फटक्याला ठण्ण आवाज. रॅकेट मागून घेतली, तारा अंगठ्याने दाबल्या. पोळपाट दाबल्यासारखं वाटलं.

"इतक्या घट्ट?"

"माझं माप आहे ते. पहिल्या स्पर्धेपासूनचं."

"तेव्हाही याच तारा होत्या?"

"नाही. तेव्हा जनावराच्या आतड्याच्या. या पॉलिएस्टरच्या, अकॅडमी देते."

आतड्याची तार मऊ, धक्का बराचसा स्वतः पचवते. पॉलिएस्टर कडक, तोच धक्का कोपरापर्यंत पोचवते. तार बदलली, वय वाढलं, माप मात्र तरुणपणीचंच. मी एका विद्यार्थ्याची सैल तारांची रॅकेट त्याच्या हातात दिली. दहा-बारा फटके मारून तो माझ्याकडे बघत राहिला.

"दुखलं?"

"फारसं नाही." आनंद सोडाच, तो चिडला होता. "पण हिच्याने बॉल बाहेर जातात. मुलं हसतील मला!"

"हसू देत. हात गेला तर मुलीची शाळा सुटेल."

संध्याकाळी त्याचा फोन आला: मऊ तारा, सैल बांधल्या. बुधवारपर्यंत हाताला आराम, फक्त मी दिलेले व्यायाम.

गुरुवारी सुरुवातीचे बॉल खरंच लाइनबाहेर गेले. मुलं हसली. मग त्याने फटका आवरता घेतला आणि बॉल आत पडू लागले. अखेरीस कोपर थोडं ठणकलं, पण तास पुरा झाला. हेड कोचने तिथेच सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू. मी बाकावर बसून पहिल्यांदा पाणी प्यायले.

आता निवृत्त खेळाडू आला की मी आधी विचारते: करिअर संपल्यावरही काय काय तसंच चालू ठेवलंय? बहुतेकांना राग येतो. त्यावरूनच कळतं, कुठे बघायचं ते.