जळणारं, न जळणारं

टोकियोत निशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्यावर एका जपानी आजोबांचा पहारा असे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही पुण्या-मुंबईकडच्या आयटीवाल्यांच्या बायका, सगळा कचरा एकाच पिशवीत कोंबायची सवय. ते पांढरे हातमोजे घालून सगळ्यांसमोर आमची पिशवी उघडायचे. चहाचा चोथा एकीकडे, बाटलीचं झाकण दुसरीकडे. "ओकुसान, हे जळणारं. हे न जळणारं." ओकुसान म्हणजे वहिनी. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी माझ्या पिशवीतून लेकाची मोडकी, खेळण्यातली पाणबुडी निघाली. मी बोलणी खायच्या तयारीत होते. ते मात्र ती तळहातावर धरून उभेच राहिले.

"जर्मन आहे," ते म्हणाले. मग मला समजेल अशा सावकाश जपानीत त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जपानला एक पाणबुडी दिली होती. ती आणायला गेलेल्या खलाशांत त्यांचा मोठा भाऊ होता. येताना ती अटलांटिकमध्ये बुडाली. घरी अस्थी म्हणून फक्त एक लाकडी पेटी आली, आत नुसती नावाची चिठ्ठी.

"तुम्हीच ठेवा ना ही," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. जळणाऱ्या आणि न जळणाऱ्या कचऱ्याच्या दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं, पुन्हा पाणबुडीकडे पाहिलं. आणि अख्ख्या बिल्डिंगला कचरा टाकायला शिकवणाऱ्या त्या माणसाने मला विचारलं,

"ओकुसान, ही कशात टाकू?"