तलवारीआधीचा नमस्कार

आमच्या फिल्म क्लबात चहाआधी प्रत्येकानं सिनेमाबद्दल एक तरी वाक्य बोलायचं, असा रिवाज आहे. मी दर वेळी ‘बरा होता’ म्हणून सुटतो. आज जुन्या चीनमधला तलवारबाजीचा सिनेमा होता.

“उडणाऱ्यांना बांधलेल्या दोऱ्या दिसत होत्या हो!” जोशीकाका म्हणाले.

“दिसू देत बाबा, उडणं कसलं देखणं होतं!” त्यांची सून म्हणाली.

पडदा एकच, पण प्रत्येकाला त्यावर काय काय दिसतं, याचं मला नवल वाटत राहिलं. तेवढ्यात मागून माझा धाकटा भाऊ बोलला. तोही याच क्लबात येतो, पण त्याच्याशी मी कित्येक वर्षं बोललेलो नाही.

“मारायचंच, तर तलवार उपसण्याआधी वाकून नमस्कार कशाला?”

“समोरचा आपल्या तोडीचा आहे, हे कबूल करायला,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मग दादा, तू कधी केलंस?”

“मनात रोज केलं,” मी म्हणालो. “धाकट्यापुढे उघड वाकणं जमेना, म्हणून तर तुझ्याशी बोलवत नव्हतं.”