तपकीर काय तंबाखू शे का?

मंडळी, आज फार थकलेय, पण हे लिहून मगच जेवते.

मी शहाद्याजवळच्या एका गावात नर्स आहे. सकाळपासून घरोघरी कॅन्सर तपासणीचे फॉर्म भरत होते. तंबाखू खाता का, असं विचारलं की सगळ्या बाया 'नाही' म्हणायच्या आणि मी तेच लिहायचे.

शेवटच्या घरी सुमनआक्कांनीही 'नाही' सांगितलं. मग कमरेची डबी काढून त्या बोटाने दात घासायला लागल्या.

"आक्का, हाई काय?"

"तपकीर. ती मी कोठे खास? दातले लावस. ती काय तंबाखू शे का?"

खात नाही, नुसती दाताला लावते, म्हणून तंबाखूची ही पूड त्यांच्या लेखी तंबाखूच नव्हती. बॅटरी मारून तोंडात पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, कॅन्सरच्या आधी दिसतो तसा. उद्या त्यांना तालुक्याला न्यायचंय.

डॉक्टर कुठे द्यायचे, तपासणी कुठे वाढवायची, हे वर दिल्लीत अशाच फॉर्मवरून ठरतं. आमच्या गावात तंबाखूच नाही, असं तिथे दिसणार. आता सगळी घरं पुन्हा फिरायची.

घरी आले तर आई ओट्यावर तपकीर लावत बसली होती. ती डबी मी लहानपणापासून बघतेय. गेल्या वर्षी आईचा फॉर्म मीच भरला, 'नाही' लिहून.

तुमची आई दात कशाने घासते, कधी विचारलंय का?