झिजलेली टाच

सईचा डावा बूट शिवायला दिला, तर कोपऱ्यावरचे काका म्हणाले, “टाचही झिजलीय हो. नवी लावू?”

मी बूट हातात घेऊन बघतच राहिले. माझी मुलगी चालायला लागली ती डाव्या पायाच्या चवड्यावर. तिचे आजवरचे सगळे डावे बूट पुढूनच फाटले. टाचा दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या.

दोन वर्षं फिजिओथेरपीच्या शुभदाताई तिच्यापुढे जमिनीवर बसून तिची पोटरी ताणतात, मग हात धरून चालवतात. “आधी टाच, मग बोटं.” सई रडली की थांबतात, त्या पायाचीच समजूत घालतात, पुन्हा सुरू करतात. फरक कधी पडणार, असं मी कितीदा वैतागून विचारलं. “पडतोय. तुम्ही रोज बघता ना, म्हणून दिसत नाही.”

त्यांच्या केंद्राचा एक फॉर्म आठवडाभर माझ्या पर्समध्ये पडून आहे. ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ आणि पुढे इवलीशी चौकट. तिच्यात काय मावणार? झिजलेली वस्तू बघून इतकं भरून येतं, हे मलाही आजच कळलं.

“टाच राहू द्या काका,” मी म्हटलं. “आधी ताईंना दाखवायचीय.”