कॅम्पर व्हॅनमध्ये अडकलो, मी आणि सासूबाई

मंडळी, आज दुपारी आमच्या शहरातल्या पंडरी भागात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहाडातल्या तलावाकाठी मुक्कामाला जायचा आमचा बेत चालू आहे. पाय मोडल्यापासून सासूबाई तिसऱ्या माळ्यावरच्या घरातच आहेत, कारण बिल्डिंगला लिफ्ट नाही. म्हणून पलंग, बाथरूम सगळं आतच असलेली कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायचं ठरलं. ती बघायला आज ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी आईंना खुर्चीवर बसवून खाली उतरवलं.

आम्ही दोघी गाडीत बसलो होतो. ह्यांनी बाहेरून दार लावून पाहिलं आणि लॉकच जाम झालं! गाडी तापलेली, खिडकी जेमतेम बोटभर उघडणारी. मी दार बडवत ओरडायला लागले. बाहेरून गाडीचा मालक म्हणत होता, "भाभीजी, बस दो मिनट!"

आई मात्र पलंगावर शांत होत्या. म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली वं? मी तं रोजच अशी बंद राहतो."

मी दार बडवणं थांबवलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

शेवटी दार उघडलं. हे घामाघूम होऊन म्हणाले, "आई, राहू दे ही ट्रिप."

"कुलूप बदलव ना पोट्ट्या! बेत काहून बदलून राहिला?"

बेत कायम आहे. पण मघाशी आईंना पुन्हा वर चढवलं, आणि घराचं दार लावताना माझा हात अडखळला.

तुमच्या घरी कोणी असं वर अडकलेलं असेल, तर त्यांना रोज बाहेर कसं नेता? खरंच सांगा.