ब्रन्सविकचा रानमाणूस

ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होतो, तेव्हा मला जुन्या जर्मन राज्यांची छोटी चांदीची नाणी जमवायचा नाद लागला. महिन्यातल्या एका रविवारी कॉइन फेअर भरायची. तिथल्या एका म्हाताऱ्या स्कॉटिश विक्रेत्याकडून मी ब्रन्सविकचं एक नाणं घेतलं. सतराव्या शतकातलं, आपल्या रुपयाहून लहान, काळं पडलेलं. त्यावर एक केसाळ रानमाणूस, हातात मुळासकट उपटलेलं झाड.

त्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच पुण्याहून आमच्याकडे आली होती. एका दुपारी ड्यूटीवरून घरी आलो, तर ते नाणं किचनच्या शेल्फवरच्या देवांमध्ये गंध-फूल लावून ठेवलेलं. लखलखत होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"मारुती वाटला मला. डबीत काळा पडला होता. टूथपावडरनं घासला."

जुनं नाणं घासायचं नसतं, घासलं की ते बाद होतं, हे मी जरा जास्तच आवाज चढवून सांगितलं. ती पुढचे दोन दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. बायको म्हणाली, "सॉरी म्हण की." आमच्या घरात आईला सॉरी म्हणायची पद्धत नव्हती.

पुढच्या फेअरला मी तिला बरोबर नेलं, नाणंही घेतलं. विक्रेत्यानं नाणं भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "कुणी साफ केलं?" मी आईकडे पाहिलं. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, भिंग तिच्या हातात ठेवलं आणि नाण्यांचा ट्रे पुढे सरकवला. घोडे, सिंह, किल्ल्या, दोन डोक्यांचे गरुड. ती तासभर बघत बसली.

परतताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, "आई, तो मारुती नाहीये."

"घासल्यावर कळलं मला. शेपूट कुठंय त्याला?"

"मग देवांत कशाला ठेवलास?"

"तू कुणाला हात लावू देत नव्हतास. म्हटलं, एवढं जपतोयस तर असू दे देवांत."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"बरं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आज खिचडीच टाकते."

सप्टेंबरात ती परत गेली. नाणं शेल्फवरच राहिलं. बायको इतर देवांबरोबर त्यालाही फूल वाहायची.