सात वर्षं जगा, पण इथे झोपू नका

माझ्या आईवडिलांना मी त्यांच्या राहत्या घरातून बाहेर काढलं, आणि त्याला कारणीभूत झाली पुरणपोळी.

झालं असं. आमच्या मराठी मंडळींचा होळीचा कार्यक्रम एजवेअरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. इथे विलायतेत होळी पेटवायची म्हणजे परवानगीपासून अग्निशामक दलापर्यंत सगळ्यांना विचारावं लागतं, म्हणून आम्ही ती पेटवत नाही. त्याऐवजी व्याख्यान ठेवतो. (बोंब मारायची सोय आपोआप होते.) त्या वर्षी एका अकाउंटंट गृहस्थांनी वारसाकर हा सणासुदीला शोभणारा विषय निवडला होता. पहिल्याच वाक्याला ते म्हणाले, "या देशात माणूस गेला, की ठरावीक सूट सोडून त्याच्या मागे जे उरतं, त्यातले शंभराला चाळीस सरकार नेतं."

जो तो मनातल्या मनात आपापल्या घराची किंमत लावत होता. बाबांनी सत्तरच्या दशकात एजवेअरला घेतलेलं आमचं साधंसुधं घर काहीही न करता, नुसतं जागच्या जागी उभं राहून श्रीमंत झालेलं होतं!

"उपाय आहे," गृहस्थ म्हणाले. "घर जिवंतपणीच मुलांना बक्षीस देऊन टाका. दिल्यानंतर सात वर्षं जगलात, की त्या घरावर कर नाही. पण दिलं म्हणजे दिलं! पुन्हा त्यात राहायचं नाही, त्याचा उपभोग घ्यायचा नाही. आता यात काही सवलती आहेत..."

नेमका याच क्षणी स्वयंपाकघरातून पुरणपोळीचा वास आला. रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून मी उठलो. सवलती मागे राहिल्या. पोळ्या मात्र चार मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी मी आई-बाबांना बेत सांगितला. आम्ही, म्हणजे मी, माझी बायको मेधा आणि मुलगी सानिका, तेव्हा स्टॅनमोरला एका फ्लॅटमध्ये राहत होतो. आम्ही यांच्या घरात यायचं आणि यांनी जवळपास भाड्याने फ्लॅट घ्यायचा. बाबा निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. आयुष्यभर पुलांवर किती भार टाकला की पूल पडतो याचा अभ्यास केलेला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी जगायचं, पण इथे नाही?"

"बरोबर."

"आणि मेलो तरी चालेल, पण सात वर्षांनी?"

"बाबा, काहीतरीच काय!"

"अहो, पोरगा आपल्या भल्यासाठीच सांगतोय ना," आई म्हणाली.

"आपल्या नव्हे, त्याच्या. पण असू दे. एकुलता एक आहे, दुसरा मागवता येत नाही."

सॉलिसिटर बाईंनी कागदपत्रं केली. येण्याजाण्याबद्दल त्यांनीही काहीतरी सांगितलं असावं, पण मी त्या वेळी घरमालक म्हणून कशी सही शोभेल याचा विचार करत होतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई-बाबा दोन गल्ल्या पलीकडच्या लहानशा फ्लॅटमध्ये गेले. तिथे ऊन येत नव्हतं, म्हणून आई तिची कढीपत्त्याची कुंडी आमच्याच खिडकीत ठेवून गेली. या थंडीच्या देशात तिने ती लेकरासारखी वाढवली होती. माझ्यापेक्षा थोडी जास्तच काळजी घेऊन.

आता माझ्यापुढे दोन कामं होती. बाबांना सात वर्षं जगवायचं आणि त्यांना कसलाही उपभोग घेऊ द्यायचा नाही. ही दोन कामं एकत्र करता येतात, असं मला खरोखर वाटत होतं!

पहिल्याच रविवारी ते जेवायला आले. बाबांनी बटाटेवड्याकडे हात नेला आणि मी ताटली उचलली.

"तळलेलं आहे, बाबा."

"तळल्याशिवाय वडा होत नाही रे."

"तुमचं कोलेस्ट्रॉल! अजून सात वर्षं..."

"मग मी मधे मधे थोडा मरतो, नंतर पुन्हा जगतो. वडा दे."

तेवढ्यात आई कढीपत्त्याची चार पानं तोडायला खिडकीशी गेली. मी ताटलीसकट उठलो. "आई, थांब! तो उपभोग होईल!"

"कसला?"

"घरातल्या वस्तूचा! मेधा, तू तोड आणि आईला दे. म्हणजे ती भेट होईल."

मेधाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला कुठल्याही देशात कर नाही.

बाबांना मात्र यात नको इतका रस आला. पुढच्या रविवारी यायच्या आधी त्यांचा फोन. "नमस्कार. आम्ही दोघं आज आपल्याकडे येऊ का? आपल्याला सवड आहे ना?" दारात येऊन त्यांनी बेल वाजवली. (किल्ली खिशात होती!) हातात बिस्किटांचा पुडा. सोफ्याच्या अगदी काठावर बसले, चहा आल्यावर "कशाला उगाच त्रास घेतलात?" म्हणाले, आणि बाथरूम कुठे आहे ते मला विचारलं. त्या बाथरूमच्या फरश्या त्यांनी स्वतः बसवलेल्या होत्या.

"आजोबा, यू आर सो फनी," सानिका म्हणाली. "तुमचा खुर्ची तर तिकडे आहे!"

"माझी नाही गं बाळ. ती आता तुझ्या बाबांची. मी बसलो तर सरकार रागावतं."

खिडकीजवळची ती खुर्ची बाबांची. दर रविवारी जेवणानंतर तिच्यात बसून, तोंडावर पेपर घेऊन ते तासभर घोरत. मी लहान असल्यापासून तो आवाज म्हणजे आमच्याकडे रविवार असल्याचा पुरावा होता. आता जेवण झालं की ते उठत, "बरंय, निघतो," म्हणत आणि फ्लॅटवर जाऊन झोपत. घर विलक्षण शांत झालं होतं. मला ते टोचत होतं, पण मी मनाला बजावत होतो, की कायदा म्हणजे कायदा.

मग एका रविवारी ते निघाले, तशी मेधा आतून कोयरी घेऊन आली आणि तिने आईला हळदीकुंकू लावलं. तिची काही चूक नव्हती. याच दारात, याच कोयरीतून, घरी आलेल्या प्रत्येक बाईला आईने कुंकू लावून निरोप दिलेला तिने वर्षानुवर्षं पाहिला होता. हात आपोआप चालला.

आई हसून म्हणाली, "बाई गं, माझ्याच उंबऱ्यावर पाहुणी झाले की मी."

हसली खरी, पण गेटपर्यंत जाताना कार्डिगनच्या बाहीने चष्मा पुसत गेली. बाबाही त्या दिवशी काही विनोद न करता तिच्या मागून चालत गेले.

"झालं समाधान?" मेधा म्हणाली. "कर वाचला!"

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दामच बाबांना त्या खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं बसलात तर काही होत नाही म्हटलं. मेधाने साखरभात केला होता. पाचव्या मिनिटाला पेपर तोंडावर गेला आणि ओळखीचा आवाज सुरू झाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि बेल वाजली.

दारात एक उंच गोरा माणूस. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. "आफ्टरनून, सर. हू लिव्ह्ज हिअर?"

रविवारी, बाबांच्या घोरण्याच्या मुहूर्तावर, करवाले दारात! मी दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"आय लिव्ह हिअर! ओन्ली आय! ही इज जस्ट अ व्हिजिटर!"

"हू इज?"

आतून बाबांनी एक दमदार घोरणं दिलं.

"माय फादर. बट ही इज नॉट एन्जॉयिंग एनीथिंग! आय गिव्ह यू माय वर्ड!"

माणसाने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. पेपर लयीत वरखाली होत होता. "साउंड्स लाइक ही इज, मेट," तो म्हणाला. "आय अ‍ॅम हिअर फॉर द गॅस मीटर."

मीटर कुठे असतो, हे मला माहीत नव्हतं. मी सगळीकडे पाहिलं. तेवढ्यात पेपरखालून, डोळेही न उघडता, आवाज आला. "अंडर द स्टेअर्स. बिहाइंड द व्हॅक्यूम क्लीनर. माइंड युअर हेड."

माणूस गेल्यावर बाबांनी पेपर बाजूला केला. "नंदू, घर कोणाचं आहे ते तुझ्या कागदांना माहीत असेल. मीटर कुठे आहे ते मला माहीत आहे. तुझी सात वर्षं मी काढीन रे, पण रविवारी इथे झोपता येत नसेल तर ती काढून करू काय?"

सोमवारी सॉलिसिटर बाईंना फोन केला. भेटीगाठींना, दुपारच्या डुलकीला आणि कढीपत्त्याच्या चार पानांना कायद्याची कधीच हरकत नव्हती. पुरणपोळीपायी मी सोडल्या त्याच या सवलती! राहायला परत येणं तेवढं चालत नव्हतं. आणि आईला राहायलाच परत यायचं होतं. मी घर परत बाबांच्या नावावर करायचं ठरवलं. कर लागला तर लागला.

कागद तयार होईतो दोन हजार सातचा ऑक्टोबर उजाडला, आणि सरकारने नवराबायको दोघांची करमाफीची मर्यादा एकत्र धरायला परवानगी दिली. आमचं घर त्यात आरामात बसत होतं. म्हणजे गप्प बसलो असतो, तरी कर लागणारच नव्हता!

आई-बाबा घरी परतले. आई दारातूनच थेट खिडकीकडे गेली आणि तिने कढीपत्त्याची अख्खी फांदी तोडली. बाबा खुर्चीत बसले. आम्ही आपले पुन्हा स्टॅनमोरला.

सॉलिसिटर बाईंनी शेवटी एकच गोष्ट सांगितली. या वेळी मी नीट ऐकत होतो. हे परतीचं दानही दानच. देणारा सात वर्षांच्या आत गेला, तर ते त्याच्या इस्टेटीत धरतात. आणि या वेळचा देणारा मी!

दिवाळीला बटाटेवडे होते. मी ताटलीकडे हात नेला, तोच बाबांनी ती उचलून आपल्यापुढे ठेवली.

"तळलेलं आहे, नंदू," ते म्हणाले. "अजून सात वर्षं आहेत. तू जरा बाहेर दोन फेऱ्या पळून ये, तोवर मी उपभोग घेतो."